केस पेपरवर ‘शांत आहे’ लिहिण्याआधी

प्रश्न असा आला आहे: “आमच्या छोट्या दवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर कुत्री दोन-तीन दिवस ॲडमिट असतात. ताप, नाडी, श्वास आम्ही लिहितो, पण कुत्रा खरंच कसा आहे हे मोजायची काही पद्धत नाही. वेदनेची कोणती मोजपट्टी वापरावी, किती वेळा तपासावं, आणि मालकाने फोनवर ‘कसा आहे?’ विचारलं तर नेमकं काय सांगावं?”

मोजपट्टीचं नाव सांगायला एक ओळ पुरेल, पण त्याआधी एक काम करा. मागच्या महिन्याचे केस पेपर काढा आणि त्यात ‘शांत आहे’ किती वेळा लिहिलंय ते मोजा. मी हे काही वर्षांपूर्वी केलं आणि चांगलाच ओशाळलो. निमित्त एका लॅब्राडॉरचं होतं. मांडीच्या हाडाला प्लेट बसवून दुसरा दिवस. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार, तिन्ही वेळा ‘शांत आहे, जखम कोरडी’. त्यातली एक नोंद माझ्याच अक्षरातली. पिंजरे धुणाऱ्या मावशी जाता जाता म्हणाल्या, “डॉक्टर, हा सकाळपासून एकाच कुशीवर आहे. पाण्याकडे बघतो, पण उठत नाही.”

मी आत बसलो आणि जखमेच्या आजूबाजूला हलकेच दाबलं. तो ओरडला नाही, गुरगुरलाही नाही. नुसत्या धापा थांबल्या, ओठांचे कोपरे मागे ओढले गेले आणि मान वळवून त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. पाठ फळीसारखी ताठ. उठवायला गेलो तर उठेना. मोजपट्टीवर गुण भरले तेव्हा १० आले, आणि औषध वाढवायची वेळ ६ वरच येते. म्हणजे निदान आठ तास तो कुत्रा दुखणं सोसत पडून होता आणि आम्ही त्याला शहाणा म्हणत होतो.

कुत्रा गप्प पडून असण्याची निदान चार कारणं असतात: गाढ झोप लागली आहे, औषधाची गुंगी आहे, भीतीने थिजला आहे, किंवा हललं की दुखतंय. पहिलं सोडलं तर बाकी तिन्हींत आपल्याला काहीतरी करायचं असतं. ओरडणाऱ्या कुत्र्याकडे सगळे धावतात. राहून जातो तो गप्प बसणारा.

आता मोजपट्टी. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली संयुक्त वेदना मोजपट्टी घ्या, तिचं २००७ सालचं छोटं रूप. एका पानाची आहे, भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्यात सहा गोष्टी बघायच्या: आवाज, जखमेकडे लक्ष, चालणं, स्पर्शाला प्रतिसाद, एकूण मनःस्थिती, आणि बसण्या-उभं राहण्याची ढब. सगळे मिळून २४ गुण. मणक्याची शस्त्रक्रिया, ओटीपोटाच्या हाडांचा किंवा एकाहून जास्त पायांचा फ्रॅक्चर असेल, तर चालण्याचा भाग गाळून २० पैकी गुण द्यायचे. २४ पैकी ६ किंवा २० पैकी ५ झाले की वेदनाशामकाचा विचार करायचाच.

ती भरण्याचा क्रम मात्र मोडू नका. आधी लांबून, दार न उघडता, मिनिटभर बघा. दार उघडलं की पाहुणा आल्यावर घर जसं झटपट आवरलं जातं तसं कुत्र्याचं वागणं बदलतं. कितीतरी कुत्री दुखत असूनही माणूस दिसल्यावर शेपूट हलवतात. मग पट्टा लावून बाहेर काढा, चालवा. मग जखमेभोवती साधारण दोन इंचांवर बोटांनी हलका दाब द्या. मनःस्थितीचा रकाना सगळ्यात शेवटी. हे पान खुर्चीत बसून आठवणीने भरायचं नसतं. तसं भरलं की सगळ्यांचे गुण ३ येतात, हे मी शपथेवर सांगू शकतो.

पहिली नोंद शस्त्रक्रियेच्या आधी, ॲडमिट करतानाच करा. हे फार थोडे दवाखाने करतात, आणि माझ्या मते सगळ्या मोजमापाचा जीव यात आहे. मुळातच बुजरा कुत्रा अनोळखी पिंजऱ्यात काही दुखत नसतानाही ३-४ गुण मिळवतो. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या ५ चा अर्थ कसा लावणार? शेजारच्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. या कुत्र्याची तुलना कालच्या याच कुत्र्याशी करायची. म्हणून मालकालाही तेव्हाच चार प्रश्न विचारून घ्या: घरी झोपतो कसा, खातो किती हावरटपणे, अनोळखी माणसाने हात लावलेला चालतो का, आणि लघवीला बाहेरच जातो का.

त्या चौथ्या प्रश्नाचं महत्त्व मला एका जर्मन शेफर्डने शिकवलं. पोटाची शस्त्रक्रिया, सलाईन चालू, रात्री गुण ४ वरून ८ वर गेले. उठबस, कण्हणं, पोटाकडे बघणं. नाइटच्या डॉक्टरने ठरल्याप्रमाणे वेदनाशामक दिलं. तासाभराने पुन्हा ८. दुसरा डोस द्यायच्या बेतात असताना कोणाच्या तरी लक्षात आलं की सलाईनच्या दोन बाटल्या गेल्या, पण पिंजरा कोरडा ठणठणीत आहे. घरात घाण करायची नाही ही शिस्त अंगात मुरलेली, त्यामुळे पठ्ठ्या पिंजऱ्यात लघवी करायला तयार नव्हता. हळूहळू चालवत बाहेर नेला. एका जागी उभा राहून मिनिटभर तरी करत होता. आत आला, एक गिरकी घेतली आणि झोपला. गुण २.

मोजपट्टी चुकली नव्हती. कुत्रा अस्वस्थ आहे हे तिने बरोबर सांगितलं. कशामुळे, हे सांगणं तिचं कामच नाही. त्यामुळे आकडा वाढला की सिरिंज हातात घ्यायच्या आधी आमच्याकडे आता चार गोष्टी बघतात: लघवी, ओला किंवा घट्ट झालेला पट्टीचा गुंडाळा, सलाईनच्या जागेची सूज, आणि थंडी. बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. या चारांत काही सापडलं नाही तर मात्र औषधाला उशीर करू नका. शंका असेल तर दुखतंय असं धरून चाला.

अफूवर्गातल्या औषधांनंतर किंवा भुलीतून उठताना काही कुत्री सतत एकसुरी रडतात, पाय मारतात, नजर कुठेच ठरत नाही. ही गुंगीतली बेचैनीही असू शकते. भुलीतून उठतानाची असेल तर बहुधा अर्ध्या तासात ओसरते. ओळखायचं कसं? दुखणारा कुत्रा तुमच्या आवाजाने, हाताने थोडा तरी सावरतो आणि जखमेजवळ दाबलं की वेगळी प्रतिक्रिया देतो. गुंगीतल्याला तुम्ही असलात काय नि नसलात काय, सारखंच. तरीही खात्री नसेल तर आधी वेदनाशामक देऊन बघणं जास्त सुरक्षित.

वेदनेवर एवढं लिहिलं कारण तिथे चांगली मोजपट्टी आहे. भीतीकडे मात्र आपण सगळेच कानाडोळा करतो. कुत्रा तपासणीच्या स्टीलच्या टेबलावरून उतरवला की खाली वाकून, तिरप्या उजेडात टेबलाकडे बघा. पंजांचे ओले ठसे दिसतील. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना, आणि थंड खोलीत तळवे ओले होण्याचं कारण उकाडा नसतो. त्या ठशांच्या आजूबाजूला एकदम गळालेले केस, कोंडा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३५ कुत्र्यांची तपासणी पाहिली गेली. त्यातली १०६ टेबलावर घाबरलेली होती. म्हणजे पाचातली जवळजवळ चार.

चिन्हं तुम्हाला माहीत असतील: खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, एक पंजा उचलून धरणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं, कान मागे, शेपूट पायात, अंग कोरडं असताना झटकणं. एकट्या चिन्हावर जाऊ नका. दोन-तीन एकत्र आणि तुमच्या हालचालीनंतर लगेच दिसली की नोंद करा. सगळ्यात सोपी कसोटी खाऊची. घरी जो तुकडा झडप घालून खातो तो दाराशी खाल्ला, वजनकाट्यावर खाल्ला, पण टेबलावर तोंड फिरवलं, तर भीतीने उंबरठा नेमका कुठे ओलांडला ते कळलं. पुढच्या वेळी तपासणी जमिनीवर चटई टाकून करा. अर्थात भुलीसाठी उपाशी ठेवलेल्या किंवा मळमळणाऱ्या कुत्र्याला ही कसोटी लागू नाही.

शेपूट हलते म्हणजे खूश, हा समज तर काढूनच टाका. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकून हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. वॉर्डमध्ये याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही, पण मालकाबरोबर आलेली मुलं हे ऐकून पुढची दहा मिनिटं शांत बसतात.

ताप, नाडी, श्वास लिहिताय ते लिहीतच राहा, फक्त त्यांना खुशालीचा पुरावा समजू नका. दवाखान्यात शिरल्या शिरल्या बहुतेक कुत्र्यांची नाडी आणि रक्तदाब घरच्यापेक्षा चढतो. म्हणूनच रक्तदाब घेताना पाच-दहा मिनिटं शांत बसू द्यायचं, पहिला आकडा सोडून द्यायचा आणि पुढच्या पाच-सात आकड्यांची सरासरी धरायची. हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याचा श्वास तर मालकानेच घरी, गाढ झोपेत मोजलेला चांगला. मिनिटाला ३० च्या वर जायला लागला की फोन करायचा. लाळेतलं किंवा रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजावं का, असं मला अनेकदा विचारतात. संशोधनासाठी ठीक आहे. पण ते भीतीने वाढतं तसं खेळण्याच्या उत्साहानेही वाढतं. आकडा सांगतो की शरीर खडबडून जागं झालंय. बरं वाटून की वाईट वाटून, ते शेवटी कुत्र्याकडे बघूनच कळतं.

इंग्लंडमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने शेतीच्या जनावरांबद्दल अहवाल दिला. त्यात अगदी साधी अपेक्षा होती: प्राण्याला उभं राहता यावं, आडवं होता यावं, वळता यावं, अंग चाटून साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत. पुढे त्यातून पाच स्वातंत्र्यांची मांडणी आली (भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार आणि भीती यांपासून सुटका, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक), आणि १९९४ पासून प्राणिकल्याणाचे अभ्यासक डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच क्षेत्रांची मांडणी केली: आहार, परिसर, आरोग्य, वागणूक आणि या चारांमधून घडणारी मनाची अवस्था. सिद्धांत राहू द्या. तुमच्या सगळ्यात लहान पिंजऱ्यात जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घातलेला मोठा कुत्रा ठेवा आणि ब्रॅम्बेलच्या त्या पाच साध्या गोष्टी जमतात का बघा. आमच्याकडे कॉलर जाळीला अडकल्यामुळे वळता येत नव्हतं, आणि पाण्याचं भांडं कॉलरमुळे तोंडापर्यंत पोचत नव्हतं. ‘पाणी कमी पितोय’ अशी नोंद होती.

खाण्याबद्दल ‘खाल्लं’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. पडून असलेल्या कुत्र्याची किमान ऊर्जेची गरज काढायचं सूत्र आहे: वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६६० किलोकॅलरी. पिशवीवर कॅलरी छापलेल्या असतात, त्यावरून ग्रॅम काढा, दिलेलं आणि उरलेलं वजन करा आणि टक्के लिहा. तिसऱ्या दिवशी सलग ३० टक्के दिसायला लागले की कोणालाच ‘खातोय की थोडं थोडं’ म्हणता येत नाही.

झोपेचाही रकाना ठेवा. कुत्र्यांच्या वॉर्डमध्ये भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, आणि रात्रभर दिवा चालू. आमच्याकडे रात्रीची सगळी कामं एकत्र करून मध्ये चार तास दिवे बंद ठेवायला लागलो. दुसऱ्याच आठवड्यात ‘पहाटे आडवा, चारही पाय सैल’ अशा नोंदी दिसू लागल्या. अशा नोंदी मला फार आवडतात. दुखत नाही, भीती नाही, यापलीकडे काही चांगलं घडलं का, तेही टिपायला हवं. खेळणं उचललं, अंग ताणून आळस दिला, बाहेर नेल्यावर गवत हुंगत रेंगाळला. दिवसातून एक ओळ पुरे.

किती वेळा तपासायचं? शस्त्रक्रियेनंतर पहिले चार-सहा तास तासाला एकदा, मग दर चार ते सहा तासांनी, आणि औषध दिल्यावर अर्धा ते एक तासाने नक्की. हा शेवटचा फेरा सगळ्यात जास्त चुकतो. औषध दिलं की काम झालं असं वाटतं, पण दुखणं उतरलं का हे कोण बघणार? आणि आरामात झोपलेल्या कुत्र्याला गुण देण्यासाठी उठवू नका. ‘सैल अंगाने झोपलाय’ असं लिहा. फक्त झोप आणि डोळे मिटून ताठ पडणं यातला फरक श्वासावरून, पाय दुमडले आहेत की पसरले आहेत त्यावरून बघा.

कागदावर आकड्याशेजारी दोन रकाने हवेतच: कोणी पाहिलं, आणि काय केलं. दुसरा रकाना आठवडाभर रिकामा राहत असेल तर मोजणं बंद केलं तरी कुत्र्यांना काही फरक पडणार नाही. सुरुवातीला दोघांनी मिळून पाच कुत्री बघा. एकमेकांना न दाखवता गुण द्या आणि मग ताडून पाहा. दोन गुणांहून जास्त फरक आला तिथे पुन्हा पिंजऱ्यासमोर जाऊन बोला. मावशींनाही यात घ्या. मोजपट्टी त्यांना शिकवायला मला एक दुपार लागली, आणि आज आमच्याकडे त्यांचे आकडे माझ्यापेक्षा स्थिर येतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगून ठेवतो. सांधेदुखीसारख्या जुनाट दुखण्याला ग्लासगोची ही मोजपट्टी लावू नका, ती त्यासाठी बनलेली नाही. तिथे मालकाने भरायच्या प्रश्नावल्या असतात: जिना, उडी, उठताना लागणारा वेळ, फिरून आल्यावरचा लंगडेपणा. त्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आणि एकाच माणसाकडून भरून घ्या. शिवाय घरच्याच जिन्यावरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागवा, कारण आशा डोळ्यांवर फार लवकर चढते. २०१२ च्या एका अभ्यासात संधिवात असलेल्या ज्या कुत्र्यांना नुसतं खोटं औषध दिलं होतं, त्यांच्या चालण्यात पायावरचा भार मोजणाऱ्या यंत्राला फरक दिसत नसतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना सुधारणा दिसली. हसू नका, तपासणाऱ्या पशुवैद्यांचा आकडाही तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच होता.

आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या कुत्र्यासाठी अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची २००४ ची मोजपट्टी बरीच वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी १० पर्यंत गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही असा तिचा अंदाज. बोलणं सुरू करायला चांगली आहे, पण बेरीज मला पटत नाही. श्वास लागलेल्या कुत्र्याला स्वच्छतेचे दहा गुण काय कामाचे? मी सातही आकडे वेगळे बघतो आणि सगळ्यात खालच्यावर बोलतो.

आता फोन. मालक ‘कसा आहे?’ विचारतो तेव्हा त्याला तुमचा निष्कर्ष नको असतो, त्याला त्याचा कुत्रा डोळ्यांसमोर आणायचा असतो. ‘बरा आहे, काळजी करू नका’ म्हटलं की तो काळजीच करतो. त्याऐवजी समोरचा कागद वाचा: “रात्री दोनला दुखण्याचे गुण ७ होते, औषध दिलं, तीनला ३ झाले. सकाळी दिलेल्यातलं निम्मं खाल्लं, तेही हातातून. बाहेर नेलं तेव्हा लघवी केली, संडास अजून नाही. मला बघून कान मागे घेतो, पण मावशींच्या पायाशी जाऊन बसतो.” त्या शेवटच्या वाक्यावर बहुतेक मालक म्हणतात, हो, घरी पण तो असाच करतो.